पेंटरची कापलेली अंगठी

ही केस सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. निवृत्त पोलीस अधिकारी दिसला की लोक गोष्ट मागतात. ठाण्यात आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर मी शीळफाट्यावर अडवलेला ट्रक सांगितला, तीन गावांत तीन संसार थाटणारा ठग सांगितला. डोंबिवलीतल्या आगीचा विषय निघाला की मात्र म्हणायचो, "त्यात विशेष काही नव्हतं. आरोपी सापडला, शिक्षा झाली." हे खोटं नाही. तपास उत्तम झाला होता आणि माझं आजही तेच मत आहे. त्याबद्दल मिळालेलं प्रशंसापत्र आमच्या हॉलमध्ये लावलेलं आहे. पण त्या तपासात मी एका निरपराध माणसाला वापरलं आणि त्याला दिलेला शब्द पाळला नाही. तेवढा भाग सांगायचा राहिला. नाव कुणाचंच घेणार नाही, कारण काही जण हयात आहेत आणि जे गेले त्यांची मुलं हयात आहेत.

मी तेव्हा डोंबिवलीतल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. आमच्या हद्दीत एक स्थानिक आघाडी होती. राज्यात तिला कुणी विचारत नसे, पण महापालिकेत तिच्याशिवाय पान हलत नसे. तिच्या पुढाऱ्याला सगळे भाऊ म्हणत. आघाडीने पहिली निवडणूक जिंकली तेव्हा भाऊंनी दारोदार फिरलेल्या मोजक्या कार्यकर्त्यांना सोन्याची अंगठी दिली होती. वर लंबगोल पत्रा, त्यावर भाऊंचा एका बाजूने दिसणारा चेहरा. कल्याणच्या एका जुन्या सोनाराने त्या हाताने घडवल्या होत्या. पुढे आघाडीत शेकडो माणसं आली, नगरसेवक झाली, पण अंगठी कुणालाही मिळाली नाही. त्यामुळे तिचा मान फार. नगरसेवक खुर्ची सोडून अंगठीवाल्याला बसायला द्यायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मग आघाडी फुटली. बाहेर पडलेल्या गटात काही अंगठीवाले होते. त्यांनी भर चौकात मांडव घातला, सोनाराची कातर आणली, एकेकाने अंगठी कापून ताटात टाकली आणि ते ताट भाऊंच्या घरी पाठवून दिलं. आम्ही बंदोबस्ताला होतो. मला तो पोरखेळ वाटला, पण लोकांना वाटला नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे 'त्याने अंगठी कापली' म्हणजे तो फुटला, असा अर्थ झाला. पुढारी नमस्काराला हात जोडायचा आणि समोरचा आधी त्याचं बोट बघायचा.

त्यानंतर महिन्याभरात आघाडीच्या कार्यालयाला आग लागली. जागेवर दोन्ही गट हक्क सांगत होते. सकाळी उजाडता उजाडता शटर अर्धं उघडं करून कुणीतरी आत पेट्रोल टाकलं. मागच्या खोलीत झाडलोट करणारी बाई होती, हे आग लावणाऱ्याला माहीत नसावं. शेजाऱ्यांनी तिला बाहेर काढलं, तोवर तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. विझवायला धावलेल्यांत भाऊंच्या जवळचा एक कंत्राटदार होता, तोही अंगठीवाला. त्याच्या बोटांना चटका बसला आणि हाताला पट्टी आली. भाऊंनी सभेत त्याला शाल घातली.

जाळपोळीच्या कलम ४३६ खाली गुन्हा नोंदवला. घटनास्थळाचा पंचनामा करताना शटरच्या पट्टीच्या खाचेत, काजळीत, एक सोन्याचा पत्रा सापडला. भाऊंचा चेहरा असलेला. शटर वर ढकलताना अंगठी कडीत अडकून पत्रा उचकटला होता. मी तो मुद्देमालात घेतला, पंचांना ताकीद दिली आणि ठाणे अंमलदारापासून वायरलेसवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं की हा शब्द बाहेर गेला तर बदली गडचिरोलीला. पोलीस ठाण्यात गुपित टिकत नाही असं म्हणतात. टिकतं, पण त्याची भीती प्रत्येकाला वेगवेगळी घालावी लागते.

आता प्रश्न सोपा होता. अंगठ्या मोजक्या, कापलेल्यांचा हिशेब त्या ताटात. उरलेल्यांपैकी कुणाच्या बोटात अंगठी नाही?

गुन्हे शोधणाऱ्या माझ्या डी.बी. पथकाचे हवालदार इथलेच, खाडीकाठच्या आगरी गावातले. त्यांच्याकडे एक खबऱ्या चहाच्या टपरीवर बसायचा. तिसऱ्या दिवशी खबर आली. हवालदार म्हणाले, "साहेब, पेंटरच्या बोटात अंगठी नाय."

"कोण पेंटर?"

"आंबिवलीचा. आघाडीच्या सगल्या भिंती त्यानंच रंगवल्यात. भाऊंचं नाव त्याच्यासारखं कोण काढत नाय. पन साहेब, जरा सबुरीनं घ्या. त्याची बायको वारली नुकतीच."

आघाडीच्या पहिल्या निवडणुकीपासून भिंतीवर चुना मारून अक्षरं काढणारा तो माणूस. डिजिटल फलक आले, त्याचं काम गेलं, पण प्रचाराला तो ब्रश घेऊन यायचाच. मी त्याला बोलावून घेतलं. साठीचा, बारीक अंगाचा, नखांच्या कडांना निळा रंग. उभाच राहिला.

"बसा. अंगठी कुठाय?"

"हरवली."

"कुठे?"

"आठवत नाही, साहेब."

"एवढी वर्षं घातलेली अंगठी हरवते आणि आठवत नाही?"

तो बोटाकडे बघत राहिला. बोटावर अंगठीची पांढरी खाच स्पष्ट होती, म्हणजे अंगठी निघून फार दिवस झालेले नव्हते. मी नोकरीत एक गोष्ट शिकलो होतो. खोटं बोलणारा माणूस जास्तीचे तपशील देतो. हा काहीच देत नव्हता. पण त्या दिवशी मी माझं शिक्षण बाजूला ठेवलं आणि ठाण्यातला बाक त्याला दाखवला. दिवसभर तो त्या बाकावर बसला. येणाजाणाऱ्यांनी त्याला बघितलं. संध्याकाळपर्यंत आंबिवलीपासून डोंबिवलीपर्यंत झालं की पेंटरला उचलला.

दुसऱ्या दिवशी दोन पंच घेऊन आम्ही त्याच्या घरी गेलो. चाळीतली एक खोली, ताज्या रंगाची, भिंतीवर बायकोचा फोटो आणि त्याला अजून ताजा हार. लग्न झालेली मुलगी बाळाला घेऊन आलेली होती. ती म्हणाली, "साहेब, बाबांनी आग लावली असं तुम्हाला खरंच वाटतं? भाऊंच्या कार्यालयाचा बोर्ड त्यांनी उपाशी राहून रंगवलाय." मी हवालदारांना खूण केली. हवालदारांनी ब्रश ठेवायचा डबा उपडा केला. तळाशी फडक्यात बांधलेली अंगठी निघाली. मागची कडी कापलेली होती आणि मधला एक तुकडा गायब होता. वरचा पत्रा मात्र जसाच्या तसा, भाऊंचा चेहरा घासून चकचकीत केलेला.

त्या क्षणी मला कळलं की आग यानं लावलेली नाही. जागेवर सापडला तो चेहरा होता आणि इथे चेहरा शाबूत होता. मी मुलीला बाहेर पाठवलं, पंचांना ओट्यावर बसवलं आणि त्याच्यासमोर खाली बसलो.

"पेंटर, आगीशी तुमचा संबंध नाही हे मला समजलं. पण अंगठी का कापली?"

तो फोटोकडे वळला. तिकडेच बघत बोलला.

"ती सकाळी गेली, साहेब. शेजारची म्हातारी म्हणाली, तुळस आहे, गंगाजल आहे, तोंडात घालायला सोनं आणा. गळ्यातलं आजारपणात गेलेलं. घातलेलं ते एक ग्रॅमवालं, वरून मुलामा. बाहेर माणसं जमलेली. कुणाकडे मागू? एवढी वर्षं संसार केला तिनं, आणि शेवटी तिच्या तोंडात सोनं घालायचं ते उसनं? आत गेलो, दार लोटलं. पत्रा कापायची कातर होती. मागची बाजू कापली. भाऊंच्या चेहऱ्याला धक्का नाही लावला, बघा तुम्ही."

"मग हे मला कालच का नाही सांगितलं?"

"मी कापली तेव्हा चौकात अंगठ्या कापून पंधरा दिवस नव्हते झाले. कापलेली अंगठी कुणी बघितली असती तर काय म्हटलं असतं? जोडून घेणार होतो. पण कुठल्या सोनाराकडे नेऊ? इथला प्रत्येक सोनार ही अंगठी ओळखतो. आणि घरात सोन्याचा कण नव्हता हे तरी कुणाला सांगू? मुलीलासुद्धा नाही सांगितलं."

शेजारच्या म्हातारीला मी वेगळं गाठून विचारलं. तिनं सांगितलेली वेळ, तुळस, लोटलेलं दार, सगळं जुळलं.

इथपर्यंत माझ्याकडून फार तर घाई झाली असं म्हणता येईल. पुढचं मी विचार करून केलं.

परत येताना जीपमध्ये मी हिशेब मांडला. खबरीप्रमाणे पेंटर सोडून कुणीच अंगठीशिवाय फिरत नव्हतं, म्हणजे ज्याचा पत्रा गेला त्यानं नवी घडवून घेतली असणार. सगळ्यांच्या अंगठ्या तपासायला मागितल्या तर तो सावध होईल, वकील आणेल, आजारी पडेल. तो बेफिकीर व्हायला हवा. आणि पोलिसांना त्यांचा माणूस मिळाला असं दिसलं, तरच तो बेफिकीर होणार होता.

मी पेंटरला माझ्या केबिनमध्ये बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, "उद्या सगळे अंगठीवाले इथे येतील. तुमची अंगठी टेबलावर असेल. कुणी काहीही बोललं तरी तुम्ही तोंड उघडायचं नाही. खरा माणूस सापडला की तुम्ही सुटलात."

"ते मला गद्दार म्हणतील."

"थोडा वेळ. नंतर मी स्वतः भाऊंकडे जाऊन खरं काय ते सांगेन."

त्यानं कप खाली ठेवला. "बाकीच्यांना नका सांगू, साहेब. पण भाऊंना सांगा. मी सांगितलं तर सबब वाटेल. तुम्ही सांगितलंत तर खरं वाटेल. शब्द देता?"

"दिला."

हवालदार दारात उभे होते. पेंटर गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "साहेब, ही मानसं अंगठीवर जीव टाकतात." मी म्हटलं, मला माहीत आहे, म्हणूनच हे जमणार आहे.

दुसऱ्या दिवशी अंगठीवाले आले. भाऊ आजारी होते, ते आले नाहीत. मी सगळ्यांना वरच्या हॉलमध्ये बसवलं. पेंटर कोपऱ्यात स्टुलावर. टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याची अंगठी, मी चेहरा खाली करून ठेवलेली, कापलेली कडी वर. मी म्हटलं, "आग लागली तिथे अंगठीचा एक भाग मिळालाय. ही अंगठी यांच्या घरी मिळाली. बाकी सगळे स्वच्छ आहेत एवढं कागदावर यावं म्हणून प्रत्येकाने आपली अंगठी काढून ताटात ठेवा. नोंद करून लगेच परत देतो."

हॉल पेटला. कंत्राटदार सगळ्यात आधी उठला. "साहेब, पाच मिनिटं याला आमच्याकडे द्या. भिंती रंगवत होता ना? आता आम्ही याला रंगवतो. गद्दार साला!" दोघातिघांनी त्याला धरलं. पेंटर जागचा हलला नाही.

त्यांच्यात एक निवृत्त शिक्षक होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. पेंटरचे लहानपणापासूनचे मित्र. ते हळूहळू उठले आणि पेंटरसमोर जाऊन उभे राहिले.

"तू कापलीस?"

पेंटरनं माझ्याकडे बघितलं. मी मान वळवली.

"अरे, नाही तरी म्हण. मी विश्वास ठेवीन तुझ्यावर."

पेंटरनं मान खाली घातली. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "माझ्या मुलीच्या लग्नात तू मांडवाच्या कमानीवर नाव काढलंस आणि चहासुद्धा घेतला नाहीस, म्हणालास घरचंच काम. आजपासून माझ्या दारात येऊ नकोस."

मी ताट पुढे सरकवलं.

आता ज्यासाठी हे सगळं केलं ते सुरू झालं. अंगठ्या निघेनात. वीसएक वर्षांत माणसं सुटली होती, बोटं जाड झाली होती. एकजण दात ओठ खाऊन ओढत म्हणाला, "लग्नातली कधीच निघाली, ही निघत नाय!" दुसरा म्हणाला, "वहिनींनी ऐकलं तर तूच निघशील घरातून." एवढ्या तंग हवेतही चारजण हसले. हवालदार बादली आणि साबण घेऊन आले. एकेकजण फेसात हात बुडवून बोट पिळत होता, सांध्याची कातडी सोलून निघत होती, आणि खाली अंगठीची खोल, पांढरी खाच दिसत होती.

कंत्राटदारानं शिव्या देता देताच अंगठी काढली आणि ताटात फेकली. साबण लागला नाही. चटक्याची पट्टी निघालेली होती. खाच त्याच्याही बोटावर होती, पण त्यानं फेकलेली अंगठी त्या खाचेपेक्षा सैल होती. मी ती उचलली, भिंग लावलं. बाकीच्या अंगठ्यांना आतून कसलीच खूण नव्हती, त्या जुन्या सोनाराच्या हातच्या होत्या. हिच्यावर आत बारीक हॉलमार्क होता.

मी आवाज चढवला नाही. "शेठ, भाऊंनी दिली तेव्हाच या अंगठीला हॉलमार्क होता का?"

"असेल. मला काय माहीत?"

"मग बाकी कुणाच्याच अंगठीला कसा नाही?"

तो हसायला गेला आणि त्याला हसता आलं नाही. हॉलमध्ये आपोआप त्याच्याभोवती जागा मोकळी झाली.

पोलिसांसमोरच्या कबुलीला न्यायालयात किंमत नसते, हे नवख्या फौजदारालाही माहीत असतं. मला वस्तू हवी होती. संध्याकाळपर्यंत त्यानं पंचांसमोर निवेदन दिलं आणि शीळफाट्याजवळच्या त्याच्या बांधकामाच्या जागेवर आम्हाला नेलं. तिथे सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांखाली मूळ अंगठी निघाली, चेहरा उचकटलेली. माझ्या मुद्देमालातला पत्रा तिच्यावर बरोबर बसला. ठाण्याच्या ज्या सराफानं फोटोवरून नवी घडवली, त्याचाही जबाब झाला. भाऊंच्या गोटात राहून त्यानं दुसऱ्या गटाला ती जागा रिकामी करून देण्याचं कबूल केलं होतं. आग विझवायला तोच पहिला का धावला, हेही मग उमगलं. चटका बसला असता तरच पट्टी बांधता आली असती आणि पट्टीखाली मोकळं बोट लपलं असतं. कल्याणच्या न्यायालयात खटला उभा राहिला, भाजलेल्या बाईंनी धीरानं साक्ष दिली आणि शिक्षा झाली.

त्या संध्याकाळी पेंटर सुटला. मला वाटलं, विषय संपला. हवालदारांनी आठवड्यानं सांगितलं तेव्हा कळलं की संपला नव्हता.

"साहेब, आग त्यानं नाय लावली हे सगल्यांना कललं. पन लोक म्हनतात, अंगठी तर त्यानंच कापली ना?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या दप्तरी तो निर्दोष होता, पण त्याच्या माणसांकडे वेगळं दप्तर होतं आणि त्यात कापलेली अंगठी हाच गुन्हा होता. मेळाव्याला त्याला निरोप जाईना. गुरुजी रस्ता बदलून जाऊ लागले. भिंती रंगवायला दुसरा माणूस आला. अंगठी आम्ही पावती घेऊन त्याला परत केली होती, पण परत घालणार कोणत्या तोंडानं?

तो एकदा ठाण्यात आला होता. ठाणे अंमलदारासमोर उभा राहून विचारलं, "साहेबांना वेळ आहे का?" मी आतून आवाज ओळखला आणि सांगायला लावलं की मीटिंगमध्ये आहेत. तो दोन मिनिटं थांबला आणि गेला. पुन्हा आला नाही. तगादा लावणारा माणूसच नव्हता तो.

मी भाऊंकडे का गेलो नाही? आधी दोषारोपपत्राची घाई होती. मग सरकारी वकील म्हणाले, खटला उभा राहीपर्यंत फिर्यादी पक्षाला खासगीत भेटू नका. मग माझी बदली झाली. ही तिन्ही कारणं खरी आहेत आणि तिन्हींना अर्थ नाही. एक फोन पुरला असता. खरं कारण हे की भाऊंना सांगायचं तर मला असं सांगावं लागलं असतं: हा माणूस निर्दोष आहे हे माहीत असताना मी त्याला तुमच्या माणसांसमोर बसवला. बचावाच्या वकिलाला ते आयतं सापडलं असतं. वरिष्ठ विचारते झाले असते. आणि त्याच सुमारास प्रशंसापत्राची शिफारस वर गेली होती. मी भाऊंना एकदा भेटलोसुद्धा, एका पोलीस मित्राच्या मुलाच्या लग्नात. त्यांनी माझा हात हातात घेतला. "साहेब, तुम्ही घरभेद्या पकडून दिलात." मग थोडं थांबून म्हणाले, "पेंटरचं वाईट वाटतं. तो तरी जायला नको होता." माझ्या मागे जेवणाची रांग होती, फोटोवाला हात करत होता. मी म्हटलं, "चालायचंच, भाऊ." पुढच्या वर्षी भाऊ गेले.

नव्या अधिकाऱ्यांना मी प्रशिक्षणात सांगायचो की संशयिताच्या आतल्या जागा शोधा, तिथून तो उघडतो. हे बरोबर आहे. पण कंत्राटदाराची आतली जागा भीती होती, पेंटरची निष्ठा होती, आणि मी दोन्ही सारख्याच हातानं वापरल्या. गुन्हेगाराला चकवणं हा आमच्या कामाचा भाग आहे, त्याबद्दल मला खंत नाही. आजही तशी वेळ आली तर मी सापळा लावीन. मात्र ज्याला सापळ्यात बसवला त्याला त्याच दिवशी, त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांसमोर उठवीन. त्याला पाच मिनिटं लागली असती. हॉल रिकामा होत होता तेव्हा गुरुजी अजून जिन्यातच होते.

म्हणून आज लेखी सांगतो. पेंटरनं आघाडी सोडली नव्हती, भाऊंना सोडलं नव्हतं. अंगठी कापली ती बायकोच्या तोंडात सोन्याचा कण घालायला, आणि तीही चेहरा वाचवून. त्यानं हे बाकीच्यांना सांगू नका म्हटलं होतं. तो शब्दही मी आता मोडतो आहे, कारण ज्याला सांगायचं ठरलं होतं तो माणूस उरला नाही, आणि न सांगितल्यानं पेंटर लोकांच्या लेखी फुटलेलाच राहतो.

निवृत्तीनंतर मी एकदा आंबिवलीला गेलो होतो. माफी मागायचीच असं ठरवून गेलो. सकाळभर वाक्य घोळवलं, जास्त लांबण नको म्हणून काटछाट केली. तीच खोली. मुलगी आता वडिलांना बघायला येऊन राहिली होती. पेंटर खाटेवर पडून होते. मला बघून उठायला लागले.

"साहेब! अगं, खुर्ची दे. साहेब आलेत. चहा टाक, साखर कमी, त्यांना चालत नाही." केबिनमधल्या त्या एका चहावरून माझी साखर त्यांच्या लक्षात होती.

मी बसलो. तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "साहेब, भाऊ गेले. जायच्या आधी तुम्ही सांगितलंत ना त्यांना?"

आयुष्यभर मी समोरच्याला प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबलो. आता ते थांबले होते. मुलगी चहाचं पातेलं हातात धरून उभी होती.

"सांगितलं," मी म्हणालो.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मला ठाऊक होतं. पेंटर जाणारा नाही."

त्यांनी डोळे मिटले. मग मुलीकडे वळून म्हणाले, "बघ! मी तुला काय सांगत होतो? भाऊंनी ओळखलं असणार."

मुलगी माझ्याकडेच बघत होती. "मग त्यांनी कुणाला पाठवलं का नाही, साहेब? एक माणूस? एक निरोप?"

मी कपाकडे बघितलं. पेंटरच बोलले, जरा रागानंच. "आजारी होते ते! माणूस अंथरुणाला खिळलेला, आणि हिला निरोप हवा. चहा दे साहेबांना."

चहा झाला. ते भाऊंच्या पहिल्या निवडणुकीबद्दल बोलत राहिले, शिडीवरून पडले होते ते, चुन्याची बादली गुरुजींच्या डोक्यावर उपडी झाली होती ते. इतके दिवस आवाज बंद असलेल्या माणसासारखे बोलत होते. मी ऐकत होतो. माफी मागायची तर आधी मघाचं वाक्य परत घ्यावं लागणार होतं, आणि ते त्यांच्या हातातून काढून घ्यायला माझा हात पुढे होईना.

निघताना मुलगी ओट्यापर्यंत आली. हळूच म्हणाली, "साहेब, खरं सांगितलंत ना?"

मी चप्पल घालत होतो. घालतच राहिलो. तिनं पुन्हा विचारलं नाही.

त्या दिवाळीच्या आधी पेंटर गेले, हवालदारांनी फोन करून कळवलं. "माझं चुकलं, पेंटर." एवढंच वाक्य होतं. आंबिवलीला घेऊन गेलो होतो, तसंच ठाण्याला परत आणलं.